ऑडिओबुक विकत घ्यायचं की लायब्ररीतून आणायचं? सेवा निवडण्याची उलटी पद्धत

मी ऑडिओबुकची पहिली सेवा सोडली तेव्हा खात्यात चार क्रेडिट, म्हणजे महिन्याच्या शुल्कात मिळणारी एकेका पुस्तकाची कुपनं, शिल्लक होती. ‘सदस्यत्व रद्द करा’ दाबलं, ‘तुमची आठवण येईल’ अशा अर्थाचं काहीतरी स्क्रीनवर झळकलं आणि चारही क्रेडिट उडाली. चार महिन्यांचे पैसे भरलेले, पदरात पुस्तक एकही नाही. भांडायलाही जागा नव्हती. नियमावलीत ते स्वच्छ लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं एवढंच.

पण खरी चूक त्याच्या आधीची. महिन्याला एक पुस्तक तर आपण सहज ऐकू, या समजुतीवर मी ती सेवा घेतली होती. प्रत्यक्षात माझं एक पुस्तक दोन-दोन महिने चालायचं. क्रेडिट साचणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं. तेव्हापासून मी उलटीकडून सुरुवात करतो. आधी स्वतःचं ऐकणं बघायचं, मग हवी असलेली पुस्तकं, आणि कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम दिला आहे.

पायरी १: दोन आठवडे स्वतःचं ऐकणं मोजा

पैसे भरण्याआधी दोन आठवडे काहीतरी फुकटातलं ऐका. फुकटात काय मिळतं ते पुढे येईलच. रोज किती मिनिटं ऐकलं आणि काय करताना ऐकलं, एवढंच लिहून ठेवा. प्रवासात, भांडी घासताना, चालायला गेल्यावर की झोपण्याआधी? ‘काय करताना’ हा भाग वरवर फालतू वाटतो, पण अ‍ॅप निवडताना तोच कामाला येतो.

मग हिशेब मांडा. इंग्रजी पुस्तकांचे निवेदक साधारण मिनिटाला १५० शब्दांच्या आसपास वाचतात, म्हणजे तासाला ९,००० शब्द. ९०,००० शब्दांची कादंबरी झाली १० तासांची. रोज अर्धा तास ऐकलं तर महिन्याला १५ तास, म्हणजे दीड कादंबरी. हे झालं कागदावर. ज्या दिवशी डोकं दुखतं, ज्या दिवशी गाणी ऐकावीशी वाटतात, ज्या दिवशी इयरफोन घरी राहतो, ते दिवस वजा केल्यावर माझे १५ तास पाच-सहावर यायचे. तुमचा आकडा वेगळा असेल, पण अंदाजावर जाऊ नका, मोजाच. वेग वाढवून ऐकत असाल तर तेही धरा. सव्वापट वेगाने १० तासांचं पुस्तक ८ तासांत संपतं.

आणखी दोन प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे द्या. पहिला, ऐकलेलं पुस्तक तुम्ही पुन्हा ऐकता का? दुसरा, किती पुस्तकं अर्ध्यात सोडता? मी दहातली चार सोडतो. अशा माणसाने प्रत्येक पुस्तक विकत घेणं म्हणजे पैशाला पाय फोडणं. उलट एखादं आवडतं पुस्तक दर वर्षी ऐकणाऱ्याने ते कायमचं घेऊन टाकलेलंच बरं.

पायरी २: कुठल्या जातीची सेवा हवी ते ठरवा

बाजारात नावं भरपूर दिसली तरी आतली व्यवस्था मोजक्या पाच प्रकारांत बसते.

पहिला प्रकार सार्वजनिक लायब्ररीचा. तुमच्या लायब्ररीने डिजिटल सेवेशी करार केला असेल तर कार्ड नंबर आणि पिन टाकून फोनवरच ऑडिओबुक घेता येतं, वाचकाला त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. ओव्हरड्राइव्ह कंपनीचं लिबी हे या कामाचं सगळ्यात परिचित अ‍ॅप. ते २०१७ साली आलं, आणि कंपनीचं जुनं अ‍ॅप २०२३ मध्ये बंद झालं. हूपला आणि बोरोबॉक्स ही याच वळणाची आणखी दोन नावं. कुठलं चालेल हे तुम्ही ठरवायचं नसतं, लायब्ररीने कुणाशी करार केलाय यावर ते अवलंबून. त्यामुळे अ‍ॅप उतरवण्याआधी लायब्ररीची वेबसाइट उघडा.

दुसरा क्रेडिटचा. दर महिन्याला ठरलेली रक्कम, त्या बदल्यात एक क्रेडिट, आणि एका क्रेडिटला एक पुस्तक, मग ते ४ तासांचं असो की ४०. ऑडिबल या पद्धतीचा सगळ्यात मोठा खेळाडू. कंपनी १९९५ची, २००८ पासून अ‍ॅमेझॉनच्या मालकीची. लिब्रो.एफएम हेही क्रेडिटवर चालतं, पण त्याच्या नफ्यातला वाटा तुम्ही निवडलेल्या स्वतंत्र पुस्तकाच्या दुकानाला जातो.

तिसरा भाड्याचा: सदस्यत्व चालू असेपर्यंत ऐका. स्वीडनमध्ये २००५ साली सुरू झालेली स्टोरीटेल या वळणाची. यातच तासांची मर्यादा असलेला एक पोटप्रकार आहे. स्पॉटिफायने २०२३ साली प्रीमियम सदस्यांना ऑडिओबुक द्यायला सुरुवात केली तेव्हा महिन्याला १५ तासांची मर्यादा घातली. २२ तासांचं जाडजूड पुस्तक घेतलंत तर गोष्ट ऐन रंगात येऊन पुढच्या महिन्यापर्यंत लटकते.

चौथा म्हणजे सुटी खरेदी. सदस्यत्व नाही, हवं ते पुस्तक हवं तेव्हा घ्या. गुगल प्ले बुक्स, अ‍ॅपल बुक्स आणि कोबोवर हे चालतं. चर्प तर सवलतीत निघालेल्या पुस्तकांवरच उभं आहे.

पाचवा फुकटाचा. लिब्रिवॉक्स २००५ साली सुरू झालं. हौशी स्वयंसेवक जगभरातून स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात, आणि कुणीही ती उतरवून घेऊ शकतो. गुणवत्ता मात्र नशिबावर. एकाच पुस्तकाची प्रकरणं कधी पाच वेगवेगळ्या लोकांनी वाचलेली असतात. तिसऱ्या प्रकरणात नायिकेचा आवाज अचानक जाडाभरडा होतो, आणि चौथ्यात कुणाचातरी पंखा घरघरतो. पण त्याच ढिगात एकहाती वाचलेली काही पुस्तकं इतकी सुरेख आहेत की पैसे देऊन घेतलेली फिकी पडावीत. एखादा वाचणारा आवडला तर त्याच्या नावावर टिचकी मारा, त्याने वाचलेलं बाकी सगळं समोर येतं. पायरी १मधल्या दोन आठवड्यांसाठी हा साठा उत्तम.

पायरी ३: लायब्ररीचा मार्ग नीट समजून घ्या

बहुतेकांनी सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे, आणि बहुतेक लोक इथूनच कंटाळून परततात. कारण एकच: ‘प्रतीक्षा १४ आठवडे’ हा शेरा. डिजिटल फाइल, तिची एक प्रत काय आणि हजार प्रती काय, मग रांग कसली?

रांग परवान्याची असते. नेहमीच्या पद्धतीत लायब्ररी एक परवाना घेते आणि तो एका वेळी एकाच वाचकाकडे जातो, अगदी कपाटातल्या कागदी पुस्तकासारखा. बरेच परवाने कायमचेही नसतात. काही २४ महिन्यांनी संपतात, काही ठरावीक वेळा दिल्यावर. वर लायब्ररीला त्यासाठी तुमच्या-माझ्यापेक्षा बरीच जास्त किंमत मोजावी लागते. काही वेळा प्रकाशकच हात आखडता घेतात. २०१९ साली ब्लॅकस्टोन पब्लिशिंगने आपली नवी ऑडिओबुकं लायब्ररींना पहिले ९० दिवस द्यायची नाहीत असं ठरवलं, तेव्हा अमेरिकेतल्या लायब्ररी चांगल्याच खवळल्या होत्या. म्हणजे रांगेचा राग लायब्ररीच्या बाईंवर काढू नका, त्या बिचाऱ्याही अडकलेल्याच असतात.

हूपलाचा हिशेब वेगळा. तिथे मुख्यतः प्रत्येक वेळी पुस्तक दिलं की लायब्ररी त्याचे पैसे भरते. म्हणून तिथे रांग नाही, पण महिन्याला तुम्ही किती पुस्तकं घेऊ शकता यावर लायब्ररी मर्यादा घालते. तुमच्याकडे लिबी आणि हूपला दोन्ही चालत असतील तर रांगेची पुस्तकं लिबीवर आणि आत्ताच हवं असलेलं हूपलावर, अशी विभागणी छान जमते.

लिबीवर मी कसा घसरलो ते सांगतो, म्हणजे तुम्ही घसरणार नाही. सुरुवातीच्या उत्साहात मी सहा पुस्तकांवर होल्ड टाकले, म्हणजे त्यांच्या रांगेत नाव लावलं. पुढे दोन महिने काहीच नाही. मग एकाच आठवड्यात तीन आली. तिन्ही मिळून ३८ तास, मुदत प्रत्येकाची १४ दिवस, आणि माझं ऐकणं तुम्हाला ठाऊकच आहे. तिन्ही घेतली, एकही पुरं झालं नाही, आणि चौदाव्या दिवशी ती आपोआप परत गेली. दंड लागत नाही हे एक सुख, पण एका पुस्तकातला खुनी कोण ते कळायला मला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं.

यावरचे उपाय अ‍ॅपमध्येच आहेत, पण ते कुणी मुद्दाम सांगत नाही. होल्ड आला की घ्यायचा की पुढे ढकलायचा हे ठरवायला तीन दिवस मिळतात. पुढे ढकलला तर तुमचा रांगेतला नंबर जात नाही, मधल्या काळात प्रत पुढच्या माणसाला मिळते आणि तुमची मुदत भरली की पुन्हा तुमच्याकडे येते. दुसरं, पुस्तक घेताना मुदत बघा. ७, १४ आणि २१ दिवस असे पर्याय असतात, पण कुठले उघडे ठेवायचे ते लायब्ररी ठरवते. २१ असेल तर २१ निवडा आणि लवकर संपलं तर आपणहून परत करा, मागचा माणूस दुवा देईल. तिसरं, एकाच अ‍ॅपमध्ये एकाहून जास्त लायब्ररींची कार्डं जोडता येतात. ज्या लायब्ररींचे तुम्ही रीतसर सदस्य होऊ शकता त्या सगळ्यांची जोडा. एकीकडे १४ आठवडे असलेलं पुस्तक दुसरीकडे हजर असलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे.

लायब्ररीच्या मार्गाची मर्यादा मात्र ओळखून असा. काही पुस्तकं एखाद्या विक्री-सेवेने फक्त स्वतःसाठीच ध्वनिमुद्रित केलेली असतात, ती लायब्ररीत बहुधा मिळत नाहीत. आणि ज्याला प्रकाशनाच्याच आठवड्यात नवं पुस्तक हवं असतं त्याचं इथे जमायचं नाही.

पायरी ४: ‘विकत घ्या’ या बटणाखाली नेमकं काय आहे ते बघा

कागदी पुस्तक विकत घेतलं की ते तुमचं. कुणाला द्या, विका, नातवंडांसाठी ठेवा. ऑडिओबुकच्या दुकानात ‘विकत घ्या’ दाबल्यावर बहुतेक वेळा मिळतो तो ऐकण्याचा परवाना. फाइलला डीआरएमचं, म्हणजे डिजिटल कुलपाचं, संरक्षण असतं आणि किल्ली कंपनीच्या अ‍ॅपकडे. ऑडिबलवरून घेतलेली फाइल त्यांच्या अ‍ॅपमध्ये किंवा त्यांनी मान्य केलेल्या उपकरणावरच वाजते.

बिघडलं काय? रोजच्या वापरात काहीच नाही. बिघडतं ते दुकान बंद झाल्यावर. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकं त्याच वर्षी त्यांच्या उपकरणांवरून नाहीशी झाली. ती ऐकायची नव्हे, वाचायची पुस्तकं होती, पण कुलूप त्याच जातीचं. कंपनीने पैसे परत केले हे खरं, तरी समासात काढलेल्या टिपा पैशाने थोड्याच परत येतात! एवढ्या मोठ्या कंपनीचं दुकान उठतं, तर बाकीच्यांची हमी कोण देणार?

म्हणून मी पुस्तकांचे दोन ढीग करतो. एकदा ऐकून सोडायची पुस्तकं कुलपातली असली तरी हरकत नाही, किंबहुना ती विकत घेऊच नयेत. पुन्हा पुन्हा ऐकायची पुस्तकं मात्र कुलूप नसलेली घ्यावीत. लिब्रो.एफएम आणि डाउनपोर ही दुकानं बिनकुलपाच्या फाइली देतात, लिब्रिवॉक्सच्या तर मुळातच मोकळ्या. एमपी३ फाइल कुठल्याही प्लेअरवर चालते. एम४बी (हाही एक फाइलचा प्रकार) असेल तर प्रकरणांच्या खुणा एकाच फाइलमध्ये राहतात, त्यामुळे ती फोनवर ऐकायला जास्त सोयीची.

अशी फाइल घेतली की लगेच उतरवून दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत कॉम्प्युटरवर आणि एक बाहेरच्या डिस्कवर. जागेची चिंता नको. ६४ केबीपीएसचा (हे ध्वनिमुद्रणाच्या दर्जाचं माप) ऑडिओ तासाला सुमारे २९ एमबी खातो, म्हणजे १० तासांचं पुस्तक ३०० एमबीच्या आत. १२८ केबीपीएस असेल तर दुप्पट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑडिबलने स्वतःचं खिशात मावणारं यंत्र काढलं होतं, त्यात दोन तासांचं ध्वनिमुद्रण बसायचं. आज साध्या फोनमध्ये अख्खं कपाट मावतं. ऐकायला आयफोनवर बुकप्लेअर आणि अँड्रॉइडवर स्मार्ट ऑडिओबुक प्लेअर ही दोन अ‍ॅप चांगली आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा सर्व्हर चालवायची हौस असेल त्यांनी ऑडिओबुकशेल्फ बघावं. ते लावायला एक रविवार जातो, पण मजा येते.

पायरी ५: दहा पुस्तकांची यादी घेऊन प्रत्येक दार वाजवा

‘लाखो पुस्तकं’ ही जाहिरात तुमच्या उपयोगाची नाही. तुम्हाला दहाच हवी आहेत. ती दहा कागदावर लिहा: तीन नवी, तीन जुनी, दोन तुमच्या खास आवडीच्या विषयातली, आणि इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत ऐकणार असाल तर दोन त्या भाषेतली. मग एकेका सेवेत शोधा. बहुतेक ठिकाणी खातं न उघडताही शोधता येतं. शोधताना तुमचा देश बरोबर निवडलेला आहे ना ते पाहा, कारण हक्क देशागणिक विकलेले असतात आणि एका देशात दिसणारं पुस्तक दुसरीकडे गायब असू शकतं.

पुस्तक सापडलं म्हणून लगेच बरोबरची खूण करू नका. आवृत्ती संपूर्ण आहे की संक्षिप्त? मूळ पुस्तक ६०० पानांचं आणि ऑडिओ ५ तासांचा असेल तर कात्री चाललेली आहे हे उघड. भाड्याच्या सेवेत असेल तर ते खरोखर सदस्यत्वात धरलेलं आहे की वेगळे पैसे मागतंय? आणि वाचतंय कोण? इथे हल्ली नवा पेच आहे. अ‍ॅपलने २०२३च्या सुरुवातीला काही पुस्तकं यंत्राच्या आवाजात आणली, गुगलकडेही तशी सोय आहे, ऑडिबलवरही आभासी आवाजाची पुस्तकं मिळतात. पुस्तकाच्या पानावर तसं लिहिलेलं असतं, पण बारीक. माहितीपर पुस्तक यंत्राच्या आवाजात मी ऐकून घेतो. संवादांनी भरलेली कादंबरी मात्र नाही. दोन बहिणी भांडतायत आणि दोघींचा सूर एकच, हे कान सहन करत नाहीत.

नमुना ऐकण्याचीही एक रीत आहे. टेबलाशी शांत बसून दोन मिनिटं ऐकलं की सगळेच आवाज गोड वाटतात. त्याऐवजी जिथे पुढे ऐकणार आहात तिथेच नमुना लावा, आणि ज्या वेगाने ऐकणार त्याच वेगाने. मी भांडी घासताना ऐकतो. एका निवेदकाला वाक्याच्या शेवटी आवाज हळूहळू खाली नेऊन कुजबुजीत सोडायची सवय होती. शांततेत ते फार परिणामकारक वाटलं. नळ सोडल्यावर प्रत्येक वाक्याचं क्रियापद वाहून जायचं. कुणी काय ‘केलं’ आणि काय ‘केलं नाही’, दोन्ही सारखंच ऐकू यायचं! चौथ्या दिवशी पुस्तक सोडलं. दोन मिनिटांचा नमुना नळाखाली ऐकला असता तर वाचलो असतो.

पायरी ६: अ‍ॅपची परीक्षा अंधारात घ्या

अ‍ॅप दिसतं कसं याला फारसं महत्त्व नाही, कारण ऐकताना तुम्ही त्याकडे बघतच नसता. बघायचं ते एवढंच: ओल्या हाताने किंवा अंधारात ते चालतं का? मागे जाण्याचं बटण मोठं आहे का, आणि ते किती सेकंद मागे नेतं? १५ किंवा ३० ठीक. मिनिटभर मागे गेलं की वैताग येतो. इयरफोनच्या बटणावर काय होतं? काही अ‍ॅपमध्ये दोनदा दाबलं की थेट पुढचं प्रकरण सुरू होतं, आणि आपण नेमके कुठे होतो ते शोधण्यात दहा मिनिटं जातात.

झोपण्याआधी ऐकणाऱ्यांनी स्लीप टायमर बारकाईने पाहावा. नुसती मिनिटं नकोत, ‘हे प्रकरण संपेपर्यंत’ हाही पर्याय हवा. टायमर संपताना आवाज हळूहळू विरतो की फटकन तुटतो? फटकन तुटला की माणूस जागा होतो, आणि मग आणखी अर्धा तास ऐकतो.

बाकीचं पटकन. विमानात किंवा रेंज नसलेल्या रस्त्यावर ऐकायचं असेल तर डाउनलोड आधीच करून, फोन विमान-मोडवर टाकून, खरंच वाजतं का ते बघा. गाडीत ऐकणार असाल तर कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटोवर (फोन गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयी) अ‍ॅप दिसतं का ते पाहा. फोन आणि टॅबलेट दोन्ही वापरत असाल तर एका ठिकाणी सोडलेली जागा दुसरीकडे सापडते ना तेही तपासा. आणि आयफोनच्या अ‍ॅपमध्ये खरेदीचं बटणच सापडलं नाही तर गोंधळू नका. अ‍ॅप स्टोअरच्या शुल्काच्या भानगडीमुळे काही सेवा खरेदी वेबसाइटवरच ठेवतात. ब्राउझरमधून घ्या, अ‍ॅपमध्ये आपोआप येतं.

घरात कुणाला दिसत नसेल, किंवा छापील मजकूर वाचणं जमत नसेल, तर वरच्या दुकानांआधी वेगळं दार आहे. डेझी हा खास अशा वाचकांसाठी घडवलेला डिजिटल पुस्तकाचा प्रकार. त्यात प्रकरण, उपप्रकरण, पान यांवर थेट उडी मारता येते. २०१३ साली झालेला आणि २०१६ पासून लागू असलेला माराकेश करार अशा वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती बनवायला आणि सदस्य देशांमध्ये पाठवायला वाट मोकळी करतो. बुकशेअरसारखा संग्रह याच वाचकांसाठी आहे. सदस्य होताना अडचणीचा पुरावा मागतात, तेवढी तयारी ठेवावी.

पायरी ७: तासाचा भाव काढा

आता कुठे पैसे. महिन्याच्या शुल्काला तुम्ही खरोखर ऐकलेल्या तासांनी भागा. समजा शुल्क ३०० आहे, चलन कुठलंही धरा. ३० तास ऐकणाऱ्याला तास १०ला पडला, ६ तास ऐकणाऱ्याला ५०ला. सेवा तीच. म्हणून ‘अमुक सेवा स्वस्त आहे’ असं कुणी सांगितलं तर आधी विचारायचं, तू महिन्याला किती ऐकतोस बाबा?

साधारण असं निघतं: महिन्याला २५-३० तासांच्या वर ऐकणाऱ्याला अमर्याद भाड्याची सेवा परवडते, फक्त त्याची दहातली सहा-सात पुस्तकं तिथे असायला हवीत. महिन्याला एक जाड पुस्तक नेमाने संपवणाऱ्याला क्रेडिट. कमी आणि अधूनमधून ऐकणाऱ्याला लायब्ररी आणि सुटी खरेदी. सहा तासवाल्या माझ्यासारख्याला कुठलंही मासिक शुल्क महागच पडतं, हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली.

क्रेडिट घेतलंतच तर ते जाड पुस्तकावर खर्च करा. ४ तासांचं चिमुकलं पुस्तक बऱ्याचदा क्रेडिटच्या किमतीपेक्षा रोखीत स्वस्त असतं. क्रेडिटची मुदतही वाचा. ऑडिबलची क्रेडिट ठरावीक काळानंतर बाद होतात, लिब्रो.एफएमची होत नाहीत. सेवेने सदस्यांना ऐकायला मोकळा ठेवलेला साठा आणि क्रेडिटने घेतलेली पुस्तकं हे दोन वेगळे कप्पे असतात. सदस्यत्व संपलं की पहिला बंद होतो, दुसरा राहतो. स्क्रीनवर दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात, त्यामुळे लोक फसतात.

पायरी ८: आत शिरण्याआधी बाहेरचं दार शोधून ठेवा

मोफत चाचणी घ्या, पण ज्या दिवशी सुरू केली त्याच दिवशी, संपण्याच्या दोन दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावा. काही सेवांत लगेच रद्द केलं तरी चाचणी शेवटपर्यंत चालते, काहींत त्याच क्षणी तुटते. रद्द करण्याच्या पानावर ते लिहिलेलं असतं. आणि पैसे जिथून भरले तिथूनच रद्द करायचं, हे लक्षात असू द्या. फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून सदस्यत्व घेतलं असेल तर तिथेच, वेबसाइटवरून घेतलं असेल तर वेबसाइटवर. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने सदस्यत्व रद्द होत नाही, पैसे जात राहतात.

रद्द करण्याआधी पायरीपायरीने: शिल्लक क्रेडिट पाहा आणि वापरून शून्यावर आणा. उतरवता येण्यासारख्या फाइली उतरवून घ्या. खुणा आणि टिपा असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट काढा. सदस्यत्व काही महिने थांबवून ठेवायची सोय आहे का तेही बघा, कित्येकदा तेवढ्यानेच भागतं. मग बटण दाबा, आणि रद्द झाल्याचा ईमेल आला का ते पाहूनच उठा.

माझं सध्याचं गणित असं: दोन लायब्ररींची कार्डं, मासिक शुल्क कुठलंच नाही, आणि वर्षाकाठी चार-पाच बिनकुलपाची खरेदी, तीही आधी लायब्ररीतून ऐकून आवडलेल्या पुस्तकांची. निदान ठरवलं तरी तसंच होतं. परवा डिस्क उघडून पाहिली तर न ऐकताच घेतलेली तीन पुस्तकं त्यात निघाली, तिन्ही सवलतीतली. त्यातलं एक आता लावलंय. अकरावं प्रकरण चालू आहे, नळ बारीक सोडून.